जुन्या सॅश खिडक्यांना आतून दुसरी काच: कुठली घ्यायची ते कशावर ठरतं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर तुम्हाला लगेच कळेल. साऊथ लंडनमधे व्हिक्टोरियन टेरेस (ओळीत जोडून बांधलेल्या) घरातला पहिल्या मजल्यावरचा लीजहोल्ड फ्लॅट (ठरावीक वर्षांच्या करारावर घेतलेला, इमारत फ्रीहोल्डरची), कॉन्झर्वेशन एरियात (जिथे जुन्या वस्तीचं रूप जपलं जातं), पण लिस्टेड (वारसा इमारतींच्या सरकारी यादीत) नाही. रस्त्याकडे बे विंडो (भिंतीतून पुढे आलेली खिडकी) आणि तिच्यात तीन सॅश, म्हणजे वर-खाली सरकणाऱ्या, खिडक्या, मागे मुलांच्या बेडरूमला एक, सगळ्या मूळच्या लाकडी आणि एकेरी काचेच्या. समोरून बसचा रूट. हिवाळ्यात सकाळी काचांवरून पाणी ओघळतं, मुलांच्या खोलीत हीटिंग चालू असूनही खिडकीजवळ गार लागतं, आणि रात्री बस थांबली की झोपमोड. एकाने यूपीव्हीसीच्या (प्लास्टिकच्या) नव्या डबल ग्लेझिंग, म्हणजे सीलबंद दुहेरी काचेच्या, खिडक्यांचं कोटेशन दिलंय, दुसऱ्याने सेकंडरी ग्लेझिंगचं, म्हणजे जुनी खिडकी तशीच ठेवून आतून दुसरी काच बसवायचं, आणि ऑनलाइन त्या मॅग्नेटने चिकटणाऱ्या ॲक्रिलिक शीट दिसतायत ज्या खूपच स्वस्त आहेत. यातलं काय घेऊ, असं तुम्ही विचारलंय.

मी इकडे बरीच वर्षं याच खिडक्यांच्या दुरुस्तीचं आणि आतून दुसरी काच बसवायचं काम करतो. तुमच्यासारखा प्रश्न विचारणारे बहुतेक जण प्रॉडक्टपासून सुरुवात करतात, कुठली कंपनी, स्लायडर की मॅग्नेट, आणि तिथेच गाडी अडते. तुमच्या तक्रारी खरं तर तीन आहेत, थंडी, आवाज आणि काचेवरचं पाणी, आणि तिन्हींची कारणं वेगळी आहेत. एकाच काचेने तिन्ही सुटू शकतात पण आपोआप नाही, कारण थंडीसाठी जे पुरतं ते आवाजाला पुरत नाही आणि आवाजासाठी जे करायचा मोह होतो त्याने पाणी वाढू शकतं. म्हणून कुठल्या खोलीत कुठला त्रास जास्त आहे ते आधी ठरवा. तुमच्या वर्णनावरून पुढच्या खोलीत आवाज आणि मागच्या खोलीत थंडी, म्हणजे दोन्हीकडे एकच गोष्ट बसवायची गरजच नाही.

यूपीव्हीसीचं कोटेशन तूर्त बाजूला ठेवा. घराला काही बदल परवानगीशिवाय करता येतात पण फ्लॅटला ती सवलत नसते, बाहेरून दिसणं बदलत असेल तर प्लॅनिंग परमिशन लागते, आणि कॉन्झर्वेशन एरियात रस्त्याकडच्या लाकडी सॅश काढून प्लास्टिक बसवायला ती मिळणं कठीण. शिवाय लीजहोल्डमधे खिडकीची चौकट बऱ्याचदा फ्रीहोल्डरच्या मालकीची असते, आणि तुमची फक्त काच आणि आतला रंग. पण हे कायद्याचं झालं, माझा आक्षेप त्याहून वेगळा आहे. सव्वाशे वर्षांपूर्वीचं ते पाईन लाकूड सावकाश वाढलेल्या झाडांचं आहे, दाट रेषांचं, तसं लाकूड आज सहज मिळत नाही, आणि वेळच्या वेळी रंग झाला तर ते अजून दोन पिढ्या टिकेल. डबल ग्लेझिंगच्या सीलबंद काचेचं सील मात्र वीसेक वर्षांत जातं आणि मधे धुकं साचतं. चांगलं लाकूड कचऱ्यात टाकून कमी टिकणारी वस्तू आणायला पैसे देऊ नका, हे मी प्रत्येकाला सांगतो आणि मनापासून सांगतो.

आता पहिलं काम, ज्याला फारसा खर्च नाही. संध्याकाळी बाहेर वारा असताना एक उदबत्ती लावा आणि खिडकीच्या कडेकडेने सावकाश फिरवा, खास करून मधे जिथे वरचं आणि खालचं तावदान एकमेकांना भेटतं तिथे, आणि खाली उंबऱ्यापाशी. धूर जिथे आडवा होतो तिथे तुमची थंडी आत येतेय. (पडदे आधी बाजूला करा.) सॅश खिडकी वर-खाली सरकायची म्हणून तिला फटी असणारच, दोन्ही बाजूंच्या पोकळ पेटीत लोखंडी वजनं लोंबत असतात, दोरी कप्पीवरून जाते, त्या कप्पीच्या खाचेतूनसुद्धा हवा येते. त्यामुळे मुलांच्या खोलीतली गार हवा काचेतून येतेय की फटीतून, हे कळल्याशिवाय काच विकत घेणं म्हणजे निदान न करता औषध घेणं. इंग्लिश हेरिटेजने ग्लासगो कॅलेडोनियन युनिव्हर्सिटीकडून जुन्या सॅश खिडकीवर चाचण्या करून घेतल्या होत्या, २००९ मधे रिपोर्ट आला, त्यात नुसत्या फटी नीट बुजवल्यावर आत येणारी हवा ८६ टक्क्यांनी कमी झाली होती.

त्याच चाचण्यांतली दुसरी गोष्ट लोकांना पटत नाही पण खरी आहे. जाड पडदे नीट ओढले तर काचेतून जाणारी उष्णता साधारण ४० टक्के कमी होते, जुनी लाकडी शटर्स (खिडकीची आतली घडीची झडपं) बंद केली तर ६० च्या जवळ, आणि लो-ई (उष्णता परत खोलीत परतवणारं पातळ कोटिंग असलेल्या) काचेचं सेकंडरी ग्लेझिंगसुद्धा ६० च्याच आसपास. सेकंडरी आणि शटर्स दोन्ही असतील तर तीन चतुर्थांशांच्या वर. फरक एवढाच की पडदे आणि शटर्स रात्री बंद असतात, काच दिवसभर काम करते. तुमच्या बे विंडोच्या दोन्ही अंगांना लाकडी पॅनेलं असतील तर त्यांच्यावर हलके ठोकून बघा, बऱ्याच घरांत घडीची शटर्स आत रंगाने चिकटून बसलेली असतात आणि मालकाला माहीतच नसतं. सापडली तर काचेची जागा ठरवताना ती उघडता येतील असंच ठरवा, त्यांच्यावर स्क्रू मारू देऊ नका कोणाला.

थंडीचा हिशेब असा. दोन काचांमधलं अंतर २० मिलिमीटरच्या आसपास असलं की उष्णतेसाठी जवळपास सगळा फायदा मिळतो, त्यापुढे अंतर वाढवून उष्णतेत फार काही मिळत नाही. काच मात्र लो-ई घ्या, आणि ती हार्ड कोटची (टिकाऊ, कडक कोटिंगची), पिल्किंग्टनची के ग्लास हे त्यातलं ओळखीचं नाव. सॉफ्ट कोट लो-ई उघड्या हवेत टिकत नाही, ती फक्त सीलबंद डबल ग्लेझिंगच्या आत चालते. कोटिंग असलेली बाजू जुन्या खिडकीकडे तोंड करून बसवतात. कोटेशनमधे नुसतं ‘४ मिमी ग्लास’ लिहिलं असेल तर विचारा की लो-ई आहे का, कारण फ्रेम आणि मजुरीचा खर्च तोच राहतो आणि काचेच्या थोड्याशा फरकात बराच परिणाम बदलतो.

आवाजाचं गणित अगदी वेगळं. तिथे २० मिलिमीटर म्हणजे जवळपास काहीच नाही, निदान १०० मिलिमीटर अंतर पाहिजे आणि जागा असेल तर १५० किंवा २००. दुसरं, काच जड पाहिजे, आणि जुन्या काचेपेक्षा वेगळ्या जाडीची, कारण दोन्ही काचा सारख्या असतील तर एकाच सुराला दोघी एकदम थरथरतात आणि तो आवाज आत येतो. तुमची जुनी काच बहुतेक २ ते ३ मिलिमीटरची असणार, तर आतली ६.४ किंवा ६.८ ची अकूस्टिक लॅमिनेटेड घ्या, तिच्यात दोन काचांमधे प्लास्टिकचा मऊ थर असतो तो कंप दाबतो. वजनाचा अंदाज असा की काच दर मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो, म्हणजे ६.४ ची लॅमिनेटेड १५ किलोच्या वर, आणि ३ मिलिमीटरचं ॲक्रिलिक साडेतीन किलोच्या आसपास. इथेच तुमच्या मॅग्नेटवाल्या शीटचं उत्तर आलं, ती थंडीला आणि फटींना चांगली आहे, पण बसच्या आवाजासाठी तिच्यात वजनच नाही. तरीही एक प्रामाणिक गोष्ट सांगतो, बस थांबून इंजिन चालू असतं तेव्हाची ती खालच्या पट्टीतली घरघर कुठल्याही काचेने पूर्ण जात नाही. ब्रेकचा किंचाळणारा आवाज, माणसांची बोलणी, हॉर्न हे खूप कमी होतील, घरघर कमी होईल पण राहील. १० डेसिबल कमी झाले की कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो, चांगल्या कामात त्याहून जास्त मिळतं, पण कोणी ‘संपूर्ण शांतता’ असं लिहून देत असेल तर विश्वास ठेवू नका. आणि काच बसवल्यावर जुनी फायरप्लेसची चिमणी, भिंतीतली एअर ब्रिक (हवा येण्यासाठीची भोकांची वीट) यातून येणारा आवाज अचानक जाणवायला लागतो. चिमणी वापरात नसेल तर तिच्यावर उपाय आहेत, पण खोलीत गॅस फायर किंवा खोलीतली हवा घेणारा बॉयलर असेल तर ती एअर ब्रिक कधीही बुजवायची नाही, तिथे जिवाचा प्रश्न आहे.

आता पाणी. यावर जरा जास्त लिहितो कारण सगळ्यात जास्त कामं इथे बिघडलेली मी बघतो. २० अंशांच्या खोलीत ६० टक्के आर्द्रता असेल तर १२ अंशांच्या किंवा त्याहून गार पृष्ठभागावर पाणी धरतं. बाहेर ० अंश असताना एकेरी काचेचा आतला पृष्ठभाग हिशेबाने ६ अंशांच्या आसपास येतो, मग पाणी ओघळणारच. आतून साधी दुसरी काच लावली तर तिचा खोलीकडचा पृष्ठभाग १३ च्या जवळ जातो, लो-ई असेल तर १५ च्या, म्हणजे १२ ची रेषा ओलांडली जाते. सेकंडरीने पाणी थांबतं ते असं, पण साध्या काचेला वाव फार थोडा राहतो हे लक्षात ठेवा, कारण आपल्या घरांत सकाळी एकीकडे चहा उकळतोय, दुसरीकडे कुकर आणि पोळ्या, रेडिएटरवर मुलांचे युनिफॉर्म वाळत घातलेले, आर्द्रता ६० वर थांबत नाही. कपडे त्या खोलीत वाळवत असाल तर काचेवर खर्च करायच्या आधी ते बंद करा किंवा डीह्युमिडिफायर घ्या, किचनचा पंखा बाहेर हवा फेकतो की नुसता फिल्टरमधून परत आत सोडतो ते बघा.

आणि मुख्य नियम, आतली नवी काच शक्य तितकी हवाबंद, बाहेरची जुनी खिडकी मात्र थोडी श्वास घेणारी. याच्या उलट झालं तर काय होतं, खोलीतली उबदार दमट हवा आतल्या काचेच्या फटीतून मधल्या पोकळीत शिरते, समोर जुनी काच पूर्वीपेक्षाही गार झालेली असते कारण तिच्यापर्यंत आता घरातली ऊब पोचत नाही, आणि सगळं पाणी तिच्या आतल्या बाजूला धरतं, ते खाली लाकडावर साचतं आणि दोन-तीन हिवाळ्यांत खालची पट्टी कुजायला लागते. लोक म्हणतात सेकंडरी ग्लेझिंगने खिडकी कुजवली, पण बसवणाऱ्याने बाहेरचं गच्च बंद केलं आणि आतलं सैल सोडलं ही खरी गोष्ट असते. म्हणून बाहेरच्या सॅशला मी ब्रशची पट्टी लावतो, ती वारा अडवते आणि थोडी हवा खेळती ठेवते, रबराचं गच्च सील लावत नाही. आतल्या फ्रेमला मात्र चारही बाजूंनी सील, आणि फ्रेम भिंतीला किंवा लाकडाला टेकते ती फट कॉकने (फटी भरायच्या लवचिक पेस्टने) भरलेली पाहिजे. आवाजासाठी बाहेरचंही पूर्ण बंद करावंसं वाटतं, पण तिथे मी लाकडाची बाजू घेतो, ब्रशवर थांबतो.

म्हणजे आत्तापर्यंत काय झालं तर, मागच्या खोलीला कमी अंतर आणि लो-ई चालेल, पुढच्या खोलीला जास्त अंतर आणि जड लॅमिनेटेड पाहिजे, दोन्हीकडे आतलं घट्ट आणि बाहेरचं किंचित मोकळं. आता उघडायचं कसं हा प्रश्न, आणि हा माझ्या मते काचेइतकाच महत्त्वाचा आहे कारण रोज तुम्ही त्याच्याशी वागणार आहात.

सॅश खिडकीचा खरा गुण असा की वरून थोडी आणि खालून थोडी उघडली की गरम हवा वरून बाहेर जाते आणि थंड खालून आत येते. १९ जुलै २०२२ ला इंग्लंडमधे पारा ४० च्या वर गेला होता, त्या दिवशी ज्यांची वरची तावदानं रंगाने चिकटलेली होती त्यांना विचारा. तेव्हा शक्य असेल तिथे व्हर्टिकल स्लायडर घ्या, ते जुन्या खिडकीसारखेच वर-खाली जातात, मधली आडवी पट्टी जुन्या मधल्या पट्टीच्या बरोबर मागे लपवता येते, त्यामुळे रस्त्यावरून दिसतही नाही. हॉरिझॉन्टल स्लायडर स्वस्त पडतात पण मधे उभी रेघ दिसते आणि एका वेळी अर्धीच खिडकी उघडते. बिजागरीवर दारासारखी उघडणारी घट्ट बंद होते, सील उत्तम बसतं, साफ करायला सगळ्यात सोपी, पण समोर मोकळी जागा पाहिजे, सोफा किंवा पलंग असेल तर अडतं. लिफ्ट-आऊट म्हणजे अख्खी काच उचलून बाजूला ठेवायची, जी खिडकी वर्षातून दोनदाच उघडता तिथे ठीक, पण ४ मिलिमीटरची काच चौरस मीटरला १० किलो, एकट्याने ती उचलून पलंगामागे ठेवायची आणि घरात लहान मुलं, मला नाही आवडत. मॅग्नेटवाल्या ॲक्रिलिकलाही मी नावं ठेवत नाही, भाड्याच्या घरात, किंवा एक हिवाळा प्रयोग करून बघायला ते उत्तम आहे, फक्त सुटत आलेल्या रंगावर त्याची पट्टी टिकत नाही, ओरखडे लवकर पडतात, मऊ मायक्रोफायबरने साबणाच्या पाण्यानेच पुसायचं, अमोनियावाला काचेचा स्प्रे मारायचा नाही.

रंगावरून आठवलं, तुमच्या घराचे जुने थर शिशाच्या रंगाचे असण्याची शक्यता बरीच आहे, १९७० च्या आधीच्या घरांत हे गृहीतच धरायचं. कोणी ‘जरा सँडपेपर मारून पट्टी चिकटवतो’ म्हणालं तर थांबवा, कोरडं घासायचं नाही, ती धूळ मुलांसाठी विषारी असते. टेस्ट किट दुकानात मिळतं, आधी बघून घ्या.

मुलांच्या खोलीबद्दल अजून दोन गोष्टी. आग लागली तर त्या खिडकीतून बाहेर पडता येईल का? इकडच्या बिल्डिंग रेग्युलेशन्समधे सुटकेच्या खिडकीचं माप असं, उघडी मोकळी जागा निदान ०.३३ चौरस मीटर, रुंदी आणि उंची दोन्ही निदान ४५० मिलिमीटर, आणि खालची कड जमिनीपासून ११०० मिलिमीटरच्या आत. तुमच्या फ्लॅटचा बाहेर पडायचा मार्ग कसा आहे त्यावर ती खिडकी सुटकेची धरली जाते की नाही हे अवलंबून आहे, पण माझं मत विचाराल तर झोपायच्या खोलीत किल्लीशिवाय, एका हाताने, अंधारात उघडणारीच घ्या. आणि काच जमिनीपासून ८०० मिलिमीटरच्या खाली येत असेल तर ती सेफ्टी ग्लासच पाहिजे, टफन्ड किंवा लॅमिनेटेड. बे विंडोत असं बऱ्याचदा असतं. मुलं लहान आहेत तर उघडण्यावर १०० मिलिमीटरचा रिस्ट्रिक्टर (खिडकी तेवढीच उघडू देणारा अडसर) लावून घ्या, मोठ्यांना काढता येईल असा.

परवानगीचं थोडक्यात. लिस्टेड नसेल तर आतल्या आत केलेल्या कामाला प्लॅनिंग परमिशन लागत नाही. लिस्टेड असतं तर कौन्सिलच्या कॉन्झर्वेशन ऑफिसरला लेखी विचारल्याशिवाय हात लावू नका असं सांगितलं असतं, तिथे विनापरवाना काम हा गुन्हा आहे. पण तुमची लीज काढून ‘विंडोज’ आणि ‘ऑल्टरेशन्स’ असे शब्द शोधा आणि मॅनेजिंग एजंटला ईमेल करून उत्तर जपून ठेवा, फ्लॅट विकायच्या वेळी सॉलिसिटर मागतात. पैशाचं म्हणाल तर चांगल्या कामाला खिडकीमागे काही शे पौंड लागतात, सेकंडरी ग्लेझिंगवर व्हॅट पूर्ण २० टक्के लागतो, मात्र फटी बुजवायचं काम कोणाकडून करून घेतलं तर त्याला मार्च २०२७ अखेरपर्यंत शून्य व्हॅट आहे, तेव्हा दोन्हीचं बिल वेगळं मागा. बिलं कमी होऊन हे पैसे लवकर परत मिळतील असं मी सांगणार नाही, तुम्ही झोप आणि ऊब विकत घेताय.

मी तुमच्या जागी असतो तर या क्रमाने गेलो असतो. आधी चारही खिडक्यांच्या दोऱ्या, कुजलेल्या कडा, काचेभोवतीची निघालेली लांबी (पुट्टी) हे नीट करून घेतलं असतं आणि ब्रशच्या पट्ट्या. मग मागच्या खोलीला लो-ई चा व्हर्टिकल स्लायडर, जुन्या खिडकीच्या आतल्या पट्टीवरच बसणारा. एक हिवाळा जाऊ दिला असता. पुढच्या बे विंडोचा निर्णय त्यानंतर, कारण तिथे १०० मिलिमीटर अंतर मिळण्याएवढी जागा आहे का यावरच सगळं ठरणार. नसेल तर फ्रेम भिंतीच्या आतल्या कडेला, खोलीच्या बाजूला आणावी लागते, मग पडद्याचा रॉड आणि रेडिएटर आड येतात आणि खर्च वाढतो.

तर बे विंडोतल्या प्रत्येक खिडकीसाठी तीन मापं घ्या. जुन्या काचेपासून भिंतीच्या आतल्या कडेपर्यंतचं अंतर, खालच्या फळीची रुंदी, आणि चौकटीचे दोन्ही कर्ण. जुन्या घरांत कर्णांत सेंटीमीटरभर फरक सहज असतो, आणि तो असेल तर तयार मापाचं ऑनलाइन किट बसणार नाही, मधे लाकडी पट्टी तासून घालावी लागेल. ही मापं आणि अंगच्या पॅनेलांचा एक फोटो पाठवलात तर पुढच्या खोलीत आवाजाचं काम होण्यासारखं आहे की नाही ते मी स्पष्ट सांगू शकेन.